मामांचा निकॉन एफ-८०१ फिल्म कॅमेरा पुन्हा चालवायचाय, कुणी वापरलाय का?

भाची_मंगळवारपेठ

नमस्कार. माझे मामा कुस्तीचे फोटो काढायचे. नोकरी साखर कारखान्यात, पण मैदान असलं की रजा टाकून कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हजर. मागच्या वर्षी ते गेले. परवा मामींनी लोखंडी ट्रंक उघडली आणि तळातली कॅमेऱ्याची बॅग माझ्या हातात दिली. "तुला नाद आहे, तूच बघ," एवढंच म्हणाल्या.

बॅगेत निकॉन एफ-८०१ ची बॉडी आहे. सोबत ५० एमएम एफ/१.८ आणि ३५-७० अशा दोन ऑटोफोकस लेन्स, एक १३५ एमएम एफ/२.८ (हिच्यावर एएफ असं कुठं लिहिलेलं नाही), एसबी-२४ फ्लॅश आणि खिशात मावेल एवढी डायरी. डांबर गोळ्यांचा वास सगळ्याला.

मी डिजिटलवर चारपाच वर्षं फोटो काढतेय, फिल्म कधी हाताळलेली नाही. कॅमेरा हातात घेतला तर दगडासारखा भरीव. डाव्या खांद्यावर बटणांचा गोल, उजवीकडं छोटा डिस्प्ले, त्याच्या मागं अंगठ्याखाली फिरणारी चकती. लेन्स काढली की माउंटच्या कड्यात खाली एका बाजूला स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखं काहीतरी बाहेर आलेलं दिसतं. ते मोडलंय की तसंच असतं, तेही कळेना. सेल टाकायच्या जागी हिरवट पांढरा थर चढलाय, त्यामुळं अजून सुरू करून पाहिलेला नाही.

आणि एक विचारायचंय. डायरीत मामांनी प्रत्येक मैदानाची तारीख, खाली शटर आणि अ‍ॅपर्चर लिहिलंय. मध्येच अशा ओळी आहेत ज्यांचा मला अर्थ लागत नाही. एका पानावर, "लंगोटाच्या काठावर धर." दुसऱ्या पानावर, "घाट. आडव्यावर भुलतो. उभा धर." कोण भुलतो? काय उभं धरायचं? मामींना विचारलं, त्यांनाही माहीत नाही.

रोज कामाला जाताना खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ दिसतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावात हा कॅमेरा ट्रंकेत पडून राहावा असं मला वाटत नाही. कुणी वापरला असेल तर कृपया सविस्तर सांगा.

उद्यमनगरी

ताई, आधी सेलचं बघा. बाकी सगळं नंतर.

तो हिरवा थर म्हणजे आत राहिलेले अल्कलाइन सेल गळालेत. आमच्याकडं लेथच्या मीटरमध्ये हे कायम बघतो. गळालेला माल अल्कली असतो, म्हणून त्याला सौम्य आम्ल लागतं. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाच्या काडीवर अगदी थोडा घ्या, थेंब पडता कामा नये, आणि पत्र्याच्या टोकांवर हलक्या हातानं फिरवा. बुडबुडे आले की समजा काम चाललंय. मग स्वच्छ काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोनदा पुसा. एक रात्र उघडं ठेवून वाळू द्या. सेलचा कप्पा खालून पूर्ण बाहेर निघतो, तो वेगळा धुता येतो. बॉडीच्या आतली टोकं मात्र कॅमेरा उलटा धरून पुसा, म्हणजे ओल आत उतरणार नाही.

टोकांवर काळे डाग राहिले तर खोडरबरानं घासा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा जातो आणि पुन्हा गंज धरतो.

चार साधे पेन्सिल सेल लागतात, एए. या कॅमेऱ्याचं हे लई बरं आहे. त्या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना खास लिथियम सेल लागतो आणि तो शोधत फिरावं लागतं. तुम्हाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळेल. चार्ज होणारेही चालतात. फक्त काम झालं की सेल काढून ठेवा.

स्क्रू-ड्रायव्हरचं काय ते फोटोवाल्यांनी सांगावं.

अरुण_डार्करूम

ताई, तुमच्या मामांना मी नावानं ओळखत नसेन, पण चेहऱ्यानं नक्की ओळखत असणार. खासबागेत हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला बसणारे आम्ही मोजके लोक होतो. माझा शुक्रवार पेठेत स्टुडिओ होता, लग्नाची कामं आणि उरलेल्या वेळात मैदानं. मी एफ-८०१ वर १९९१ पासून चौदा वर्षं काम केलं. त्यामुळं हा कॅमेरा मला माझ्या तळहातासारखा माहीत आहे. जरा लांबेल, बसून वाचा.

पहिलं म्हणजे ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोडलेलं नाही. तोच या कॅमेऱ्याचा जीव आहे. ऑटोफोकसची मोटर लेन्समध्ये नाही, बॉडीत आहे. लेन्स बसवली की ते टोक लेन्सच्या मागच्या खाचेत अडकतं आणि बॉडीतली मोटर तो दांडा फिरवते, तशी लेन्सची भिंगं पुढंमागं होतात. लेन्स काढायचं बटण दाबलं की टोक आत जातं, सोडलं की बाहेर येतं. दाबून बघा.

१९८५ ला मिनोल्टाचा ७००० आला आणि ऑटोफोकस एसएलआर (आरशाचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) खऱ्या अर्थानं बाजारात आला. निकॉनचा एफ-५०१ आला १९८६ ला. कॅननने १९८७ ला ईओएस काढताना माउंटच बदललं आणि मोटर लेन्समध्ये घातली. निकॉनने १९५९ पासूनचं एफ माउंट सोडलं नाही, मोटर बॉडीत ठेवली. १९८८ ला हा एफ-८०१ आला तेव्हा त्यांचा ऑटोफोकस पक्का झाला होता. एफ-५०१ च्या सेन्सरवर ९६ घटक होते, याच्यावर २००. हा फरक आम्हाला संध्याकाळच्या उजेडात कळायचा. उन्हात दोन्ही सारखेच. माउंट न बदलल्याचा फायदा तुमच्या बॅगेत आहे, ती १३५. ती जुनी हातानं फोकस करायची एआय लेन्स आहे आणि ती या बॉडीवर बसते, उजेड मोजणारं मीटरही चालतं. फक्त मोड ए (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं) किंवा एम (शटरही तुम्हीच) ठेवायचा. अ‍ॅपर्चरचा आकडा डिस्प्लेवर दिसणार नाही, तो लेन्सच्या कड्यावर वाचायचा. फोकस तुम्ही फिरवायचा, पण व्ह्यूफाइंडरच्या खाली दोन बाण आणि मध्ये एक टिंब आहे ते सांगतं. डावा बाण, उजवा बाण म्हणजे कुठं फिरवायचं, टिंब लागलं म्हणजे जुळलं. फुली आली तर त्याला काही दिसेना असं समजा. माझी अर्ध्याहून जास्त मैदानं मी अशा जुन्या लेन्सवर, ते टिंब बघत काढली आहेत.

आता तुमच्या डायरीचं. ती ओळ वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकलो नाही, कारण हेच मी माझ्या पोरांना शिकवायचो, शब्द वेगळे एवढंच.

या कॅमेऱ्याला फोकसचा एकच डोळा आहे. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध जो छोटा चौकोनी कंस दिसतो, तेवढंच तो बघतो. आजच्या कॅमेऱ्यासारखे शेकडो पॉइंट नाहीत. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो, त्यातून थोडा उजेड मागच्या छोट्या आरशावर जातो आणि तिथून तळाशी असलेल्या सेन्सरवर. सेन्सर म्हणजे एक आडवी रेघ. उजेडाचे दोन भाग करून तो ती दोन चित्रं एकमेकांशी ताडतो. दोन्ही जुळली की फोकस, नाही जुळली तर किती आणि कुठल्या बाजूला अंतर आहे त्यावरून मोटरला सांगतो. आता रेघ आडवी असल्यामुळं तिला डावीउजवीकडं उजेड-अंधार बदललेला लागतो. म्हणजे उभी कड लागते. समोर नुसत्या आडव्या रेघा असतील तर डावीकडून उजवीकडं जाताना तिला सगळं एकसारखंच दिसतं, आणि मोटर घर्र करत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फिरते.

पंचगंगेचा घाट डोळ्यासमोर आणा. पायऱ्याच पायऱ्या, सगळ्या आडव्या. तिथं कंस पायरीवर धरला की कॅमेरा हमखास भुलतो. "उभा धर" म्हणजे कॅमेरा उभा धरायचा, की मग सेन्सरची रेघ उभी होते आणि पायऱ्या तिला आडव्या छेदतात. झटकन लागतो. नाहीतर दीपमाळेच्या कडेवर धरून शटर अर्धं दाबून ठेवायचं आणि मग हवी तशी चौकट जुळवायची. याच्या उलट जोतिबाची यात्रा. सासनकाठ्या सगळ्या उभ्या, चैत्रातल्या भर गर्दीत, गुलाल उडत असतानासुद्धा काठीवर कंस ठेवला की एका झटक्यात टिंब लागायचं. (तिथं कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, लेन्सपुरतं भोक पाडून न्यायचा. गुलाल एकदा आत गेला की वर्षभर निघत नाही.)

आणि लंगोटाचा काठ. तांबड्या मातीत दोन पैलवान लोळल्यावर अंग आणि माती यांचा रंग एकच होतो. पाठीवर कंस धरला तर तिथं कडच नाही, नुसतं तांबूस. चेहरा तर कधी दिसतो, कधी नाही. पण लंगोटाचा रंग वेगळा आणि त्याचा काठ स्वच्छ, मांडीवर तो तिरपा किंवा उभा येतो. तिथं धरलं की फोकस सुटत नाही. मामांनी हे स्वतःच्या अनुभवानं शोधलं असणार, कारण कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात लंगोट कुठून येणार.

लेन्सच्या बाजूला एस, सी, एम असा खटका आहे. एसवर फोकस लागल्याशिवाय शटर सुटत नाही. सीवर लागो न लागो, दाबलं की सुटतं. लग्नात एस, कुस्तीला सी. ढाक डाव मारताना एसवर ठेवून बसलात तर पाठ लागते, लोक फेटे उडवतात आणि तुमचा कॅमेरा अजून विचार करतोय. एमवर मोटर सुटी होते.

मोड समजून घ्या. पी, पीएच, पीडी असे तीन प्रोग्रॅम आहेत, यांत शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही कॅमेरा ठरवतो. पीएच शटर वेगवान ठेवतो. पीडी लेन्स बघून ठरवतो, १३५ किंवा त्याहून लांब ऑटोफोकस लेन्स असेल तर आपोआप वेगवान प्रोग्रॅमवर जातो. त्यानंतर एस (शटर तुम्ही ठरवायचं, फोकसच्या खटक्यावरचा एस वेगळा), ए, एम नेहमीचे. मी आयुष्यभर ए वापरला. शटर ३० सेकंदांपासून १/८००० पर्यंत. १/८००० आकडा ऐकून लोक त्या वेळी थक्क व्हायचे. त्याचा खरा उपयोग मला दुपारी कळला. १०० आयएसओचा रोल, डोक्यावर ऊन, आणि तरी एफ/२ उघडून मागची गर्दी पुसट करता येते, हे माझ्या आधीच्या कॅमेऱ्यावर शक्यच नव्हतं. फ्लॅशला १/२५०. उन्हात फेट्याच्या सावलीत गेलेला चेहरा एसबी-२४ नं असा उजळायचा की फ्लॅश मारलाय हे ओळखू येत नसे. अंधारात तोच फ्लॅश लाल पट्टे टाकतो, त्यावर कॅमेरा फोकस घेतो.

मीटरबद्दल थोडं. एएफ लेन्स लावली की पाच भागांचं मॅट्रिक्स मीटर चालतं, १३५ वर फक्त मधल्या भागाला वजन देणारं. मॅट्रिक्सवर विश्वास ठेवा. निगेटिव्ह फिल्मवर तर डोळे झाकून.

रोल भरणं सोपं आहे. टोक लाल खुणेपर्यंत ओढायचं, झाकण लावायचं, शटर दाबायचं, तो स्वतः पहिल्या फ्रेमला जातो. संपल्यावर लाल खूण असलेली दोन बटणं एकदम दाबली की गुंडाळतो. चालू करायच्या खटक्याला दोन जागा आहेत, एकीवर पिपाणी वाजते. मैदानात ती बंद ठेवा.

शेवटी एक काळजीचं. मागचं झाकण उघडल्यावर शटरच्या पात्यांना बोट लावू नका. आरशालाही नाही, त्याचा मुलामा वरच्या बाजूलाच असतो, पुसला की चरा. आणि डांबर गोळ्या आजच काढून टाका. शिवाय कोल्हापूरच्या पावसात लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, सिलिका जेल घाला, महिन्यातून एकदा गरम करून वाळवा. माझ्या दोन लेन्स आणि पंधरा वर्षांच्या निगेटिव्ह २०१९ च्या पुरात गेल्या. शाहूपुरीत भावाच्या तळमजल्यावर ठेवल्या होत्या. म्हणून सांगतो, मामांच्या निगेटिव्ह असतील तर त्या आधी वरच्या मजल्यावर न्या. कॅमेरा एक वेळ दुसरा मिळेल.

भाची_मंगळवारपेठ

काका, मी हे मामींना मोठ्यानं वाचून दाखवलं. लंगोटाच्या ठिकाणी त्या हसल्या आणि नंतर आत गेल्या. निगेटिव्ह आहेत, बिस्किटांच्या तीन डब्यांत. आजच वरच्या खोलीत नेल्या.

उद्यमनगरी दादा, लिंबाचा रस लागू पडला. थर सगळा निघाला, एका टोकावर थोडा डाग आहे पण सेल टाकल्यावर डिस्प्ले लागला. सगळे आकडे स्वच्छ दिसतात. शटर दाबल्यावरचा आवाज ऐकून अंगावर काटा आला.

पण ५० एमएम लावली की डिस्प्लेवर एफईई असं लुकलुकतं आणि शटर सुटतच नाही. ३५-७० ला असं होत नाही. काही बिघडलंय का? आणि मैत्रिणीकडं नवी ५० एमएम एफ/१.८ जी आहे, ती चालेल का?

अरुण_डार्करूम

काही बिघडलेलं नाही बाळ. ५० च्या अ‍ॅपर्चरच्या कड्यावर सगळ्यात मोठा आकडा, २२, केशरी रंगात आहे. प्रोग्रॅम आणि एस मोडवर कडं तिथं नेऊन बारीक खटक्यानं कुलूप करायचं, म्हणजे अ‍ॅपर्चर कॅमेरा ठरवू शकतो. ते दुसऱ्या आकड्यावर असेल तर तो एफईई दाखवून अडून बसतो. मामांनी ती लेन्स शेवटची ए मोडवर वापरलेली दिसते. कडं कुठल्या आकड्यावर होतं ते बघितलंस का? मी असतो तर हलवायच्या आधी लिहून ठेवलं असतं.

रोल_३६

मध्ये बोलतोय, मी गेली चार वर्षं राजारामपुरीत घरीच फिल्म धुतो.

जी लेन्सचं उत्तर: बसेल, पण त्रास आहे. तिच्यावर अ‍ॅपर्चरचं कडंच नाही, त्यामुळं फक्त प्रोग्रॅम आणि एस मोड. आणि नवी एएफ-एस असेल तर मोटर लेन्समध्ये असते, हा १९८८ चा कॅमेरा तिला चालवू शकत नाही, फोकस हातानं. तुमची जुनी ५० या कॅमेऱ्यासाठी त्यापेक्षा कितीतरी चांगली.

अरुण काकांशी एका बाबतीत माझं जमत नाही. निगेटिव्हवर डोळे झाकून मॅट्रिक्स, हे रंगीत फिल्मला ठीक. कृष्णधवल फिल्मवर, समोर काळी सावली जास्त असेल तर मी मुद्दाम मधल्या भागाचं मीटर लावून सावलीवरच मोजतो आणि थोडं कमी करतो. सावलीत काही उमटलंच नाही तर नंतर काही करता येत नाही.

पहिला रोल कृष्णधवल घ्या, इलफर्ड एचपी५ प्लस, ४००. डबीवरचा डीएक्स कोड कॅमेरा स्वतः वाचतो, आयएसओ लावायची गरज नाही. घरी धुता येतो. डी-७६ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंश सेल्सियसला ११ मिनिटं. रंगीतला ३८ अंश सांभाळावं लागतं, अर्धा अंश इकडं तिकडं झाला की रंग फिरतात, म्हणून पहिल्यांदा नको. आपल्याकडं अडचण २० अंशांची आहे. एप्रिलात नळाचं पाणीच कोमट येतं. मी स्टीलच्या घमेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाच्या पिशव्या सोडतो, डेव्हलपरची बाटली आणि फिल्म धुवायची टाकी दोन्ही त्यात ठेवतो, थर्मामीटर २० वर आला की सुरुवात. वाळवायला न्हाणीघर चांगलं, गरम पाणी सोडून आधी वाफ करून घ्यायची, म्हणजे धूळ खाली बसते.

टाकीच्या रिळावर फिल्म चढवायचा सराव म्हणून एक जुना खराब रोल उजेडात चारपाच वेळा चढवून बघा. मग डोळे मिटून. मग चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत. तुम्हाला हवं असेल तर टाकी आणि बॅग घेऊन जा, माझ्याकडं दोन आहेत.

अरुण_डार्करूम

सावलीवर मोजायचं तुझं म्हणणं बरोबर आहे. मी लग्नवाला, माझ्याकडं पांढरी साडी आणि काळा कोट एकाच चौकटीत, तिथं मॅट्रिक्सनं मला कधी दगा दिला नाही. घाटावरच्या पहाटेला मात्र तुझीच पद्धत लागेल.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर जाणार असशील तर मीटरवर काहीच सोडू नकोस. एम मोड, एफ/२, १/१५, कोपर पायरीवर टेकवायचं आणि श्वास सोडून दाबायचं. पणतीवर कंस धरलास की ज्योतीची उभी कड त्याला मिळते, तो लगेच पकडतो.

भाची_मंगळवारपेठ

बराच उशिरानं लिहितेय.

काका, ५० चं कडं ४ वर होतं. लिहून ठेवलं आणि मगच २२ वर नेलं.

पहिला रोल रंकाळ्यावर आणि दुसरा घाटावर गेला. घाटावर मुद्दाम आधी पायरीवर कंस धरून बघितलं. अगदी तसंच झालं, लेन्स या टोकाला, त्या टोकाला, पुन्हा या टोकाला, आणि खाली फुली. कॅमेरा उभा केला, पायरी तीच, लगेच टिंब लागलं. मी तिथंच पायरीवर बसले थोडा वेळ. मामा या जागी बसून हेच करत असणार.

रोल_३६ दादांच्या घरी जाऊन रोल धुतला. बर्फ संपला म्हणून शेजारच्यांकडून आणला. टाकीतून फिल्म बाहेर काढताना माझे हात थरथरत होते. सदतीस फ्रेम निघाल्या, दोन कोऱ्या, बाकी सगळ्या आल्यात. अकराव्या फ्रेममध्ये दीपमाळेच्या दगडावरचे छिन्नीचे घाव दिसतात, एकेक मोजता येईल असे. चौदावीत पाणी भरणारी बाई हलली आहे, शटर कमी पडलं, पण तिच्या घागरीचा काठ धारदार आलाय.

१३५ वापरली, टिंब बघत. सुरुवातीला हात उलटा फिरायचा, आता सवय झाली. लेन्सवर टॉर्च मारून पाहिलं तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. बुरशीच असावी. फोटोत अजून फरक दिसत नाही.

उद्यमनगरी

बुरशी कडेला असेल तर घाई करू नका. पण बाकीच्या लेन्सपासून ती वेगळ्या डब्यात ठेवा. अशा जुन्या लेन्स उघडून साफ करणारे एक गृहस्थ माझ्या माहितीचे आहेत, विचारून तुम्हाला कळवतो. स्वतः स्क्रू काढायला जाऊ नका, डोकी घासली की काम अवघड होतं.

अरुण_डार्करूम

चौदावी फ्रेम टाकून देऊ नकोस. हललेली बाई आणि स्थिर घागर हा फोटो आहे, चूक नाही.

आता मैदान. कुस्तीला १३५ चांगली, हौद्याच्या कडेला बसलं की दोघं चौकटीत पुरते येतात. ४०० चा रोल, एफ/२.८, १/५००, साडेपाचपर्यंत उजेड पुरतो. त्यानंतर १/२५० वर ये आणि हात स्थिर ठेव. ड्राइव्ह सीएचवर, म्हणजे सलग वेगवान फ्रेमवर, सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्रेम जातात, म्हणजे बोट दाबून धरलंस तर रोल अकरा सेकंदांत संपेल. डाव सुरू होताना एक, पाठ लागताना एक. मामांच्या डायरीत एका कुस्तीला किती फ्रेम लिहिल्यात ते बघ, मला खात्री आहे तीनचारच असतील.

पुढचं मैदान लागलं की मी येतो. गुडघ्यामुळं आता खाली बसता येत नाही, पण तुला कुठं बसायचं ते दाखवतो. डायरी बरोबर आण.

भाची_मंगळवारपेठ

बघितलं काका. बहुतेक ठिकाणी तीन. एका कुस्तीला सात, आणि तिच्या खाली दोनदा रेघ मारली आहे. आणते.